दुधाची तहान रबरावर

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माणसाला दोन गोष्टी पक्क्या कळतात. पहिली, कर्ज देणं सोपं, वसूल करणं अवघड. दुसरी, ज्याच्या सहीनं कर्ज गेलं, वसुलीला त्यालाच पिटाळतात. आमच्या घरात चोखणी माझ्या सहीनं आली, म्हणजे ती आणली मी. तेव्हा पुढं ती मनूच्या तोंडातून काढण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं, यात मातोश्रींचा किंवा सौ.चा काही दोष नाही. दोष देण्याचं काम मात्र दोघींनी आनंदानं पत्करलं.

चोखणी आली ती मार्च महिन्यात. मार्चअखेर म्हणजे बँकवाल्यांचा शिमगा. बोंब मारायची, पण आवाज काढायचा नाही. रात्री साडेनऊला डोंबिवलीला उतरायचं, दोन घास पोटात ढकलायचे आणि पाठ टेकायची, की तीन महिन्यांच्या मनूनं भैरवी धरायची. इतर गवई भैरवीनं शेवट करतात, ही तिथून सुरुवात करी. चौथ्या रात्री मी उठलो, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचं अर्धं पडलेलं शटर वर करायला लावलं आणि साठ रुपये मोजून ते रबरी बूच घेऊन आलो. सौ.नं ते उकळून दिलं. मनूनं ते तोंडात घेतलं, दोनदा तोंड वाकडं केलं, एकदा माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि चुपचुप करत झोपून गेली. घरात इतकी शांतता पसरली, की आई घाबरून उठून आली. “अरे, काय दिलंस तिला?”

साठ रुपयांत झोप! मला वाटलं, आयुष्यात मी केलेली ही एकमेव शहाणपणाची गुंतवणूक. व्याजाचं कलम कुठंतरी बारीक अक्षरात असतं आणि ते वाचायचं नसतं, हे मी आमच्या खातेदारांकडूनच शिकलो होतो.

मनू अडीच वर्षांची होईपर्यंत व्याज चांगलंच साचलं. आता एक चोखणी तोंडात आणि एकेक दोन्ही मुठींत, असा तिचा थाट झाला. रात्री दोन वाजता तोंडातली निसटली, की आख्खं कुटुंब बॅटरी घेऊन पलंगाखाली. त्यातच तिचा कान दुखायला लागला. महिन्यात दोनदा रात्रभर कान धरून रडली, तेव्हा डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरांनी कानात पाहिलं, तोंडातल्या वस्तूकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “फिनलंडमध्ये याचा अभ्यास झालाय. सन २००० मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांना चोखणी कमी करायला समजावलं, तर त्यांच्या मुलांची कानाची दुखणी २९ टक्क्यांनी कमी झाली. शिवाय दात. तीन वर्षांपुढं हे चालू राहिलं, तर पुढचे दात बाहेर येतात, खालचे-वरचे जुळत नाहीत. तिसऱ्या वाढदिवसाच्या आत सोडवा.”

म्हणजे सहा महिन्यांची मुदत. मी बी.कॉम. आहे. कुठलंही खातं बंद करायचं तर ते उघडलं कुणी आणि ओळख कुणी दिली, हे आधी पाहायची सवय. तेव्हा चोखणीचंही जुनं दप्तर काढून बसलो आणि पाहतो तो काय! खातं थेट पुराणात उघडलेलं.

महाभारताच्या वनपर्वात युवनाश्व नावाच्या राजाची गोष्ट आहे. राजाला मूल नव्हतं. ऋषींनी राणीसाठी पाणी मंतरून ठेवलं. राजाला रात्री तहान लागली आणि बहुतेक नवरे करतात तेच त्यानं केलं. कुणाला न विचारता समोर दिसलेला कलश तोंडाला लावला. परिणामी मूल राजाच्याच कुशीतून बाहेर आलं. आता मूल झालं, पण दूध कोण देणार? सगळे देव एकमेकांची तोंडं पाहू लागले. तेव्हा इंद्र पुढं झाला. ‘मां धास्यति’, म्हणजे ‘हा मला पिईल’, असं म्हणून त्यानं आपली तर्जनी बाळाच्या तोंडात दिली. त्यावरून बाळाचं नाव पडलं मांधाता. पुढं तो चक्रवर्ती झाला. माझ्या मते चोखणीची ही पहिली नोंद. फरक एवढाच, की इंद्राच्या बोटातून अमृत येत होतं आणि आमच्या साठ रुपयांच्या बुचातून नुसतीच हवा.

भागवतात तर आणखी पुढची पायरी आहे. प्रलयात सगळीकडे पाणीच पाणी, मार्कंडेय ऋषी गटांगळ्या खातायत आणि वडाच्या पानावर एक बाळ स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत मजेत पहुडलंय. ही गोष्ट आईला सांगायला नको होती. “बघ, देवालासुद्धा लागतं,” म्हणून तिनं मनूची हरवलेली चोखणी शोधून, धुऊन परत तिच्या हातात दिली.

आपल्याकडे बोट आणि अंगठ्यावर भागत होतं, तेव्हा युरोपात कापडाची पुरचुंडी चालू होती. फडक्यात पाव आणि साखर, कधी खसखस घालायची, गाठ मारायची आणि ती गाठ बाळाच्या तोंडात द्यायची. फारच रडका असेल, तर ती ब्रँडीत बुडवायची. म्हणजे बाळ गप्प का बसायचं, हे वेगळं सांगायला नको. १४७३ साली जर्मनीत आउग्सबुर्गला मेटलिंगर नावाच्या वैद्याचं बालसंगोपनावरचं पुस्तक छापलं गेलं, त्यातसुद्धा ही पुरचुंडी आहे. आल्ब्रेख्त ड्युरर या थोर चित्रकाराचं १५०६ सालचं एक चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे. माता मेरी, मांडीवर बाळ येशू, बाळाच्या हातावर बसलेला छोटा पक्षी आणि बाळाच्या दुसऱ्या हातात तीच गाठ मारलेली पुरचुंडी. जगाचा उद्धार करायला आलेल्या बाळालासुद्धा आईचे हात अडकले असताना धरायला काहीतरी लागतंच. आपल्याकडे मधाचं बोट होतं. आता डॉक्टर वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको म्हणतात, पण बँकेत आणि राजकारणात मधाचं बोट अजून सर्रास चालतं.

इंग्लंडातल्या श्रीमंतांचा थाट निराळा. तिथं सतराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत बाळाला चघळायला पोवळं देत. त्याला चांदीची मूठ, मुठीला घुंगरू. दातही शिवशिवायचे थांबतात आणि दृष्टही लागत नाही, अशी समजूत. पोवळं आमच्या ज्योतिषांनीही मला एकदा सुचवलं होतं, प्रमोशनसाठी. मी अंगठीत घातलं. चघळून पाहायला हवं होतं.

मग रबर आलं. १८४५ साली न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट यांनी दुधाच्या बाटलीसाठी रबरी बोंडीचं पेटंट घेतलं. पण त्या रबराला असा वास यायचा म्हणे, की मुलं दुधावरच रुसायची. पुढं रबर सुधारलं आणि १९०० साली अमेरिकेतल्या क्रिश्चन माइनेके नावाच्या औषधविक्रेत्यानं आज आपण पाहतो त्या तऱ्हेच्या चोखणीच्या डिझाइनचं पेटंट मिळवलं. तोंडात बोंडी, ओठांपाशी चकती आणि बाहेर मूठ. चकती कशाला, तर बाळानं सगळीच वस्तू गिळू नये म्हणून. नाव ठेवलं ‘बेबी कम्फर्टर’. अमेरिकेत पुढं ‘पॅसिफायर’, म्हणजे शांत करणारा, हे नाव रूढ झालं. इंग्रज माणूस मात्र या बाबतीत प्रामाणिक. तो तिला ‘डमी’ म्हणतो. डमी खातं म्हणजे काय, हे बँकवाल्याला सांगायला नको. नाव एकाचं, माल दुसऱ्याचा. इथं नाव आईचं, माल रबराचा. आमच्या पूर्वजांनी दुधाची तहान ताकावर भागवली, निदान ताकाला दुधाचं कुळ तरी होतं.

चोखणी निघाली आणि लगेच तिच्यावर तक्रारीही निघाल्या. १९०९ साली एका बाईंनी ‘आंटी पॅसिफायर’ अशा सहीनं न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून हा आरोग्याला धोका आहे, असं बजावलं. १९१४ साली लंडनच्या एका डॉक्टरांनी कुरकुर केली, की चोखणी जमिनीवर पडली, तर आई ती झग्याला नाहीतर एप्रनला पुसते, स्वतः एकदा तोंडात घालते आणि परत बाळाच्या तोंडात देते. हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. झग्याच्या जागी फक्त पदर घाला, की लंडन आणि डोंबिवली एक.

विज्ञानानंही आजवर दोन्हीकडून ढोल वाजवलेला आहे. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी स्तनपानासाठी दहा पायऱ्या सांगितल्या. त्यात अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊ नका, असं स्पष्ट होतं. २००५ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं, की झोपताना चोखणी दिलेल्या तान्ह्या बाळांत झोपेतल्या अचानक मृत्यूचं प्रमाण कमी दिसतं, तेव्हा झोपवताना द्यायला हरकत नाही. २०१८ साली दहा पायऱ्याही मवाळ झाल्या. आता आईला धोके समजावून सांगा, एवढंच म्हणतात. म्हणजे तान्हेपणी दिली यात फार मोठं पाप नव्हतं, हे मला कळलं. मी हे सौ.ला मुद्दाम वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अहो, द्यायचं सगळ्यांनाच जमतं. सोडवायचं कसं, ते आहे का त्यात?”

होतं. आणि जे होतं, ते वाचून अंगावर काटा आला. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमान यांनी १८४५ साली मुलांसाठी ‘श्ट्रूवेलपेटर’ हे चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाकडे एक शिंपी भलीमोठी कात्री घेऊन धावत येतो आणि दोन्ही अंगठे कापून टाकतो. हे पुस्तक मुलांना प्रेमानं भेट देत. न्यूयॉर्कचे डॉक्टर एमेट होल्ट यांच्या १८९४ सालच्या पुस्तकात, मुलानं बोट तोंडात घालू नये म्हणून हात बांधून ठेवण्याचा सल्ला होता. त्या मानानं आमची आई फार दयाळू. तिनं फक्त कडुनिंबाचा पाला वाटला.

कडुनिंबाचा प्रयोग असा झाला. आईनं चोखणीला वाटणाचा लेप दिला. मनूनं ती तोंडात घातली, डोळे मिटले, थू थू केलं, ती माझ्या स्वच्छ बनियनला नीट पुसली आणि पुन्हा तोंडात घातली. लंडनच्या डॉक्टरांचं बरोबर होतं.

दुसरा प्रयोग काऊचा. एका सकाळी सगळ्या चोखण्या कपाटावर लपवल्या आणि “काऊनं नेल्या” असं जाहीर केलं. काऊचिऊच्या गोष्टींवर वाढलेलं मूल, तिला हे पटलं. पटलं ते इतकं, की ती दिवसभर खिडकीत उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक कावळ्याला “माझी दे!” म्हणून ओरडत राहिली. संध्याकाळपर्यंत घसा बसला. शेवटी आईनंच विरघळून कावळ्याच्या वतीनं परतफेड केली.

तिसरा प्रयोग माझा, शास्त्रशुद्ध. कर्ज बुडीत निघायला लागलं, की आम्ही हप्ते बांधून देतो. तसं मी तक्ता करून भिंतीला लावला. पहिला आठवडा दिवसा बंद, दुसरा आठवडा दुपारची झोप सोडून, तिसरा आठवडा फक्त रात्री. मनूनं तक्त्यावर मोर काढला. पण आईनं आणि सौ.नं तो पाळला आणि दिवसाचा हप्ता खरोखर सुटला. दिवसभर आजी अवतीभोवती असे, सौ. शाळेतून चारला येई, गाणी, बाहुल्या, भातुकली, यात तिला चोखणीची आठवणच होईना. राहिली ती रात्रीची. म्हणजे माझ्या वाटणीची.

आणि तिथं घोडं अडलं. मी पुन्हा दप्तर काढलं, तेव्हा एका पानापाशी थांबलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात मिसेस विन्स्लोच्या नावाचं बाळांसाठी एक गोड औषध मिळे. मूल शांत होई, कारण त्यात मॉर्फिन होतं. काही मुलं कायमचीच शांत झाली. असं अमेरिकेतच चालायचं, असं समजून पान उलटावं, तर पुढं आपली मुंबई. १९२० च्या दशकातल्या पाहण्यांमध्ये नोंद आहे, की गिरण्यांत काम करणाऱ्या बाया कामावर जाण्याआधी तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देत. दुष्ट होत्या म्हणून नव्हे. भोंगा झाला की साच्यावर उभं राहावं लागे आणि बाळाजवळ बसायला कुणी नव्हतं, म्हणून. मूल झोपून राहिलं तर आईचा रोज बुडत नसे.

मी तो कागद मिटला. सगळं दप्तर मला एकदम एकाच खात्याचं वाटायला लागलं. पुरचुंडी असो, पोवळं असो, अफू असो की माझं साठ रुपयांचं बूच, ज्या वेळी माणूस हजर नव्हता, तिथं त्याच्या सहीनं दुसऱ्याच कशाचा तरी भरणा झालेला. गिरणीतल्या बाईला इलाज नव्हता. ड्युररच्या काळातल्या आईलाही नसेल. मला मार्चमध्ये नव्हता, हे मान्य. पण एप्रिलपासून पुढची दोन वर्षं? मी आठला घरी येत होतो. जेवून नऊ ते साडेदहा सोफ्यावर पडून मोबाइलवर बोट फिरवत होतो आणि मनू पलंगावर एकटी चोखणी चोखत झोपत होती. दोघंही शांत. ताळेबंद जुळत होता, एवढंच. खरं येणं कुणाचं कुणाकडे, ते कुणी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी मोबाइल बाहेर ठेवला, हात स्वच्छ धुतले आणि तिच्या शेजारी आडवा झालो. दिवा मालवला. ती म्हणाली, “बाबा, चोखी.” मी म्हटलं, “आज बाबा आहे.” हे उत्तर तिला मुळीच पसंत पडलं नाही. अर्धा तास भैरवी झाली. पलीकडून आई दोनदा खाकरली, सौ. एकदा दारापर्यंत येऊन गेली. मी इंद्राचं स्मरण करून तर्जनी पुढं केली. मनूनं ती तोंडात घातली, क्षणभर विचार केला आणि अत्यंत तुच्छतेनं बाहेर काढली. बावीस वर्षं नोटा मोजलेल्या बोटाला अमृताची चव कुठून असणार! पण तिनं ते सोडलं नाही. मुठीत घट्ट धरलं, उशीखाली ओढून घेतलं आणि त्यावर गाल ठेवून मुसमुसत झोपली. माझा हात खांद्यापासून बधिर झाला. तो काढायला मी दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा मूठ आवळली गेली. रविवार होता म्हणून बरं, नाहीतर सात बेचाळीसची लोकल बोटासकट गेली असती.

दुसऱ्या रात्री वीस मिनिटं रडली. तिसऱ्या रात्री पाच. चौथ्या रात्री आधी बोट मागितलं आणि मग गोष्ट. पंधरा दिवसांनी मला उशीर झाला, तेव्हा ती बोटाशिवाय, आजीच्या पदराचं टोक धरून झोपलेली होती. मला जरा वाईटच वाटलं. कर्ज फिटल्यावर खातेदार बँकेत फिरकेनासा झाला, की वाटतं तसं.

डेन्मार्कमध्ये एक छान पद्धत आहे. तिथं बागांमध्ये चोखण्यांची झाडं असतात. कोपनहेगनच्या फ्रेडरिक्सबर्ग बागेत असं एक प्रसिद्ध झाड आहे. मूल मोठं झालं, की आईवडिलांबरोबर जाऊन आपली चोखणी स्वतःच्या हातानं फांदीला बांधतं, सोबत निरोपाची चिठ्ठी. कुणी हिसकावून घेत नाही, कावळा नेत नाही. मूल निरोप देतं आणि मोठं होऊन घरी येतं. वडाला सूत गुंडाळणाऱ्या माणसांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. सोसायटीच्या बदामावर बांधायला सेक्रेटरींनी परवानगी दिली नाही, तेव्हा आम्ही गॅलरीतल्या कढीपत्त्यावर भागवलं. चार चोखण्या, चार लाल दोरे. मनूनं गाठी मारल्या, म्हणजे आईनं मारल्या आणि मनूनं त्यावर हात ठेवला. मग बाहेरच्या कावळ्याकडे पाहून ती उदार मनानं म्हणाली, “काऊ, घे आता.”

तिसरा वाढदिवस दहा दिवसांवर होता. मुदतीच्या आत वसुली, हे माझ्या नोकरीतही फारसं घडलेलं नाही. मी त्या आनंदात सोफ्यावर टेकलो आणि सवयीनं मोबाइल हातात घेतला. कान तपासून आणायला मनूला तयार करत असलेली सौ. चपला घालता घालता थांबली. म्हणाली, “तिची सुटली हो. आता तुमचं झाड कुठलं, ते बघून ठेवा.”